पूनालाइटची कैफियत

जुन्या पोथ्या ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना ठाऊक असेल की, लेखनिकाच्या हातून एखादे अक्षर चुकले म्हणजे तो ते खोडीत नसे. पिवळ्या हरताळाचा लेप त्या अक्षरावर फासून, तो वाळल्यावर त्याच जागी शुद्ध अक्षर लिहीत असे. आणि म्हणूनच केलेल्या कामावर पाणी पडले की ‘हरताळ फासला’ असे आपण अद्याप म्हणत असतो. हा हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांच्या संयोगाने सिद्ध झालेले एक खनिज होय. आज ज्या नावांविषयी लिहावयाचे मनात आहे तीही खनिजांचीच नावे आहेत; आणि त्यांपैकी एकाचा आपल्या पुण्याशी साक्षात संबंध असून, त्यावर शास्त्राने हरताळ फासून फार काळ लोटला आहे.

इ. स. १८३१ ची ही गोष्ट. पेशवाईचा अस्त होऊन जेमतेम तेरा वर्षे झाली होती आणि पुणे प्रांत कंपनी सरकारच्या अमलाखाली नुकता कोठे स्थिरावत होता. दख्खनच्या काळ्या पाषाणातून निघालेले, सुयांच्या जुडग्यासारखे दिसणारे काही स्फटिक त्या सुमारास विलायतेस पोहोचले आणि हेन्री जेम्स ब्रूक या इंग्रज स्फटिकशास्त्रज्ञाच्या हाती पडले. ब्रूक हे लोकरीच्या व्यापारातले गृहस्थ. परंतु स्फटिकांच्या अभ्यासातला त्यांचा व्यासंग असा दांडगा की, एका खनिजास ‘ब्रूकाइट’ हे नाव त्यांच्या हयातीतच मिळाले होते. त्यांनी त्या सुयांना स्वतंत्र खनिज मानले आणि ज्या गावच्या नावाने ते नमुने आले होते त्यावरून त्यांना ‘पूनालाइट’ असे नाव दिले. पुढे रासायनिक पृथक्करणाच्या रीती सुधारल्या, अधिक नमुने तपासले गेले, आणि हे काही निराळे खनिज नव्हे, स्कोलेसाइट व मेसोलाइट ही जी भावंडे शास्त्राला पूर्वीच ठाऊक होती त्यांच्याच घरातले हे आहे, असा निवाडा झाला. पूनालाइट हे नाव रद्द झाले, आणि आता ते जुन्या ग्रंथांच्या सूचीत एका ओळीपुरते उरले आहे.

ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा मला हळहळ वाटली, हे मान्य केले पाहिजे. जगाच्या खनिजशास्त्रात आपल्या गावचे एक नाव होते आणि ते गेले, या भावनेने कोणाही पुणेकराचे मन क्षणभर खट्टू होईल. परंतु या विषयाचा जसजसा अधिक विचार करीत गेलो तसतसे माझ्या ध्यानात आले की, ज्या नुकसानीचे दुःख करावयाचे ती नुकसानी ही नव्हेच. खनिजाला नाव कोणते द्यावे हे ठरविण्याचा अधिकार शास्त्राच्या पंचांकडे आहे व तो तेथेच असावा; मात्र ते खनिज कोणत्या गावच्या, कोणत्या खाणीतून निघाले याची नोंद ठेवण्याचे कर्तव्य ज्यांच्या जमिनीतून ते निघाले त्यांचे आहे; आणि हे कर्तव्य आपण महाराष्ट्रीयांनी आजवर फारसे बजावलेले नाही. पूनालाइटची कैफियत मांडावयाची ती एवढ्यासाठी.

वस्तूला नाव देण्याची मनुष्याची मूळची रीत म्हणजे जे डोळ्यांना दिसले, हाताला लागले किंवा अग्नीत घातल्यावर अनुभवास आले ते शब्दात धरून ठेवणे. आकाशातून पडणारी ती गार, आणि नांगराच्या फाळाला लागून खणकन आवाज करणारा, हिमासारखा पांढरा दगड तोही गारच. शेतकऱ्याने एकाच शब्दात दोन्ही बसविल्या आणि त्यात काही चूक केली असे म्हणता येणार नाही. आपल्या रसशास्त्रकारांनी मेघाच्या पापुद्र्यांसारखा दिसणारा तो अभ्रक म्हटला आणि मधाच्या रंगाचे ते माक्षिक म्हटले. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या खाऱ्या सरोवरातून पूर्वी क्षार काढीत, तेव्हा ते काढणाऱ्यांनी त्यांचे दल्ला, खप्पल, पापडी, भुस्की असे प्रकार पाडले होते. प्रयोगशाळेचे तोंडही न पाहिलेल्या त्या लोकांचे हे वर्गीकरण इतके कामाचे होते की, पुढे सरोवराचे वर्णन लिहिणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनी ते तसेच उतरवून घेतले. इतकेच काय, आपल्याकडचे काही शब्द दूर देशी जाऊन शास्त्रात कायमचे वस्तीस राहिले आहेत. टाकणखार म्हणून जो आपण सोनाराकडे पाहतो त्याच्या ‘टंकण’ या संस्कृत नावाचा धागा ‘टिंकल’ या व्यापारी शब्दातून आजच्या ‘टिंकलकोनाइट’ या खनिजनामापर्यंत जाऊन पोहोचतो, आणि बेरिल या रत्नखनिजाचे नाव तर प्राकृतातील ‘वेलुरिय’ या शब्दावरून, म्हणजे आपल्या वैडूर्यावरून, ग्रीकांनी घेतले असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात.

युरोपातील शास्त्रज्ञांनीही आरंभी हाच मार्ग धरला होता, आणि त्याची उत्तम उदाहरणे आपल्या सह्याद्रीच्या पाषाणात भरून राहिली आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. ते थिजत असता त्यांत वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या, आणि त्या पोकळ्यांत उष्ण पाणी झिरपून, त्यातील द्रव्ये हळूहळू साकळून, काळ्या दगडाच्या पोटात शुभ्र, गुलाबी, हिरव्या स्फटिकांची घरे तयार झाली. हीच ती झिओलाइट कुळातील व त्यांच्या सोबतीने आढळणारी खनिजे होत. ‘झिओलाइट’ हा शब्द क्रोन्स्टेट या स्वीडिश खनिजज्ञाने १७५६ मध्ये योजला. फुंकनळीच्या ज्योतीत धरताच हा दगड फेसाळून उकळल्यासारखा दिसतो, म्हणून हा ‘उकळणारा दगड’. त्याच ज्योतीत स्कोलेसाइट किड्याप्रमाणे वळवळतो, म्हणून त्याचे नाव ग्रीक भाषेतील किडा या अर्थाच्या शब्दावरून पडले. अपोफिलाइट तापविले की पानापानांनी सुटते, म्हणून आउई या फ्रेंच स्फटिकशास्त्रज्ञाने १८०६ मध्ये त्यास पाने सुटणारे या अर्थाचे नाव दिले. स्टिल्बाइट चमकते म्हणून स्टिल्बाइट, आणि गायरोलाइट वर्तुळाकार वाढते म्हणून गायरोलाइट. ही नावे परकी असली तरी त्यांत ज्ञान आहे. अर्थ उलगडून सांगितला तर शाळकरी मुलाच्याही ती जन्मभर स्मरणात राहतील.

व्यक्तींची नावे खनिजांना देण्याचा प्रघात मागाहून पडला. १७८८ मध्ये जर्मनीतील फ्रायबर्गचे विख्यात आचार्य वेर्नर यांनी, केप ऑफ गुड होप येथील वसाहतीतले लष्करी अधिकारी कर्नल फॉन प्रेन यांनी आणलेल्या हिरवट खनिजास ‘प्रेहनाइट’ म्हटले. मनुष्याच्या नावावरून ठेवलेले हे बहुधा पहिलेच खनिजनाम होय, आणि मुंबईकरांनी लक्षात ठेवावे असे की, मालाडच्या दगडखाणींतून निघालेले प्रेहनाइटचे गोंडस घोस जगातील संग्राहकांना चांगलेच परिचित आहेत. ज्या ब्रूक यांनी पूनालाइटला नाव दिले त्यांनीच त्याआधी, १८२२ मध्ये, स्टिल्बाइटपासून एक खनिज वेगळे काढून त्यास जॉन हेन्री ह्यूलंड या नमुन्यांच्या संग्राहक-व्यापाऱ्याचे नाव दिले होते. सावरीच्या कापसासारखे मऊ गोळे होऊन आपल्या खाणींत आढळणारे ओकेनाइट हे लोरेन्झ ओकेन या जर्मन निसर्गपंडिताच्या नावचे. त्याचे मूलस्थान ग्रीनलंडमधील डिस्को बेट आहे. नाशिकच्या बाजूस सापडणारे पॉवेलाइट हे जॉन वेस्ली पॉवेल या अमेरिकन भूशास्त्रज्ञाच्या नावचे. म्हणजे आपल्या डोंगरातला एक पोकळ दगड फोडला तर त्यात स्वीडन, जर्मनी, इंग्लंड आणि अमेरिका येथील माणसांची एक सभाच भरलेली दिसते.

हा नामकरणाचा अधिकार पूर्वी ज्याच्या त्याच्याकडे होता, आणि त्यामुळे घोटाळाही तितकाच होता. एकच खनिज चार देशांत चार नावांनी वावरे आणि चार खनिजे एका नावाखाली लपत. १९५८ मध्ये आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्रीय संघ स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने नव्या खनिजांच्या नावांसाठी एक आयोग नेमला. आज कोणासही नवे खनिज सापडले असे वाटल्यास त्याचे रासायनिक घटक, अणूंची अंतर्गत रचना, प्रकाशातले वर्तन असा सर्व पुरावा त्या आयोगापुढे ठेवावा लागतो. देशोदेशीचे सभासद त्याची छाननी करून मत देतात, आणि दोन-तृतीयांश मते अनुकूल पडली तरच त्याची दप्तरी नोंद होते. शोधकाने स्वतःचे नाव देता कामा नये, हयात व्यक्तीचे नाव द्यावयाचे तर तिची संमती असावी, आणि ज्या नमुन्यावरून खनिजाची सिद्धता झाली तो प्रमाण-नमुना मान्यताप्राप्त संग्रहालयात जमा करावा, असे नियम आहेत. अशा रीतीने मान्य झालेली खनिजे आज सहा हजारांहून अधिक आहेत. त्यांत रशियातील खनिजावर आपल्या चंद्रशेखर वेंकट रामन यांचे ‘रमनाइट’ हे नाव आहे, कारण ज्या किरणप्रक्रियेचा शोध रामन यांनी लावला तिच्याच साहाय्याने ते खनिज ओळखले गेले. जगाच्या न्यायसभेत भारतीय नावास मज्जाव नाही, हे यावरून उघड होते.

या सर्व व्यवस्थेत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो प्रमाण-नमुन्याचा नियम. नाव हे शब्दच आहे. शब्दाला आधार हवा तो वस्तूचा, आणि वस्तूला आधार हवा तो तिच्या स्थळाचा. ब्रह्मदेशातील मोगोक येथे सापडलेले पेनाइट १९५७ मध्ये जाहीर झाले, आणि त्यानंतर कित्येक दशके सर्व जगात त्याचे दोन-तीनच स्फटिक माहीत होते. त्याच भागातून मिळालेल्या क्यावथूआइट या खनिजाचा तर आजही एकच स्फटिक ज्ञात आहे. पैलू पाडलेला, अवघा १.६१ कॅरट वजनाचा, आणि तो लॉस एंजेलिस येथील संग्रहालयात सुरक्षित आहे. आता कल्पना करा की, तो तांबूस खडा कोठून आला हे सांगणारी चिठ्ठी हरवली असती, तर एका गोळीएवढा सुंदर दगड हाती राहिला असता. परंतु पृथ्वीच्या ज्या भागात तसले द्रव्य घडू शकते त्याचा एकुलता एक साक्षीदार मुका झाला असता.

आता आपल्याकडे वळू. पूनालाइट हे महाराष्ट्राच्या भूमीवरचे एकच रद्द झालेले नाव नव्हे. नागपुरास मिशनरी म्हणून आलेले स्टीफन हिस्लॉप यांनी धर्मकार्यासोबत भूशास्त्राचीही मोठी सेवा केली. त्यांनी धाडलेल्या नमुन्यांपैकी एका हिरव्या खनिजास डब्लिनचे हॉटन यांनी १८५९ मध्ये ‘हिस्लॉपाइट’ म्हटले आणि एका मातीस हिस्लॉप यांचे सहकारी हंटर यांच्यावरून ‘हंटराइट’ म्हटले. पहिले हे हिरव्या द्रव्याने रंगलेले कॅल्साइट निघाले, दुसरेही स्वतंत्र ठरले नाही. पुढे नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा या पट्ट्यात मँगनीजच्या खाणी उघडल्या आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लुईस ली फर्मर यांनी १९०९ मध्ये त्यांवर प्रचंड ग्रंथ लिहिला. फर्मर यांनी साहेबांची नावे पुष्कळ दिली, परंतु गावेही विसरले नाहीत : नागपूर जिल्ह्यातील बेलडोंगरीवरून ‘बेलडोंगराइट’, छिंदवाड्याकडील सीतापारवरून ‘सीतापाराइट’. भंडारा जिल्ह्यातील चिखल्याच्या खाणीवरून ‘चिकलाइट’ हे नाव १९५५ मध्ये सुचविले गेले. या गावांच्या नावांपैकी एकही आज स्वतंत्र खनिज म्हणून मान्य नाही. सीतापाराइट तर अमेरिकेतील यूटा येथे आधीच सापडलेले बिक्सबाइट निघाले, आणि ज्याचे नाव आधी त्याचा हक्क आधी, या शिरस्त्यानुसार छिंदवाड्याच्या गावाने माघार घेतली.

यात अन्याय शोधू नये, असे माझे निश्चित मत आहे. शास्त्र चुकीवर हरताळ फासते म्हणूनच त्याच्या उरलेल्या अक्षरांवर विश्वास ठेवता येतो. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बेलडोंगराइट हे नाव गेले, तरी फर्मर यांनी तो नमुना बेलडोंगरीच्या खाणीतला आहे हे लिहून ठेवले होते, म्हणून आज शंभराहून अधिक वर्षांनंतरही एखाद्या विद्यार्थ्यास त्या जागी जाऊन फेरतपासणी करता येते. पूनालाइटच्या बाबतीत मात्र ‘पूना’ एवढाच दाखला आहे. पूना म्हणजे कोणती टेकडी, कोणती विहीर, कोणत्या रस्त्याची खोदाई? नाव शास्त्राने काढून घेतले. गाव तर मुळात कोणी लिहिलेच नव्हते. पहिली हानी भरून निघाली, कारण तिच्या जागी अधिक खरे ज्ञान आले. दुसरी हानी भरून निघणारी नाही.

आणि दुःखाची गोष्ट अशी की, १८३१ मध्ये जे घडले ते आपण आजही घडू देत आहो. काही वर्षांपूर्वी मी विद्यार्थ्यांना घेऊन पुण्याच्या पूर्वेस वाघोलीकडील दगडखाणी पाहावयास गेलो होतो. दुपारचा सुरुंग उडून धुरळा खाली बसला होता, पोकलेनचा आवाज थांबला होता, आणि खडीचा ढीग बाजूस सारून एका वृद्ध मुकादमाने फडक्यात गुंडाळलेला एक दगड माझ्या हातावर ठेवला. तळहाताएवढा काळा-करडा तुकडा, त्याच्या पोटात स्टिल्बाइटचा साखरेसारखा पांढुरका थर, आणि त्या थरावर ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्यापर्यंत निरनिराळ्या आकारांची सात-आठ निळी फुले. भिंग लावून पाहिले तेव्हा दिसले की, प्रत्येक फूल म्हणजे एका मध्यबिंदूपासून चहूकडे उगवलेल्या शेकडो निळ्या काड्यांचा गोळा आहे, आणि काडीच्या टोकावर उन्हाचा एकेक कण थांबला आहे. मोरचुदापेक्षा गडद, मोराच्या मानेपेक्षा शांत असा तो रंग व्हॅनेडियम या धातूचा.

हे कॅव्हन्साइट. याच्या नावात कवित्व मुळीच नाही : कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तीन शब्दांची आद्याक्षरे जुळवून ते तयार केले आहे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात ते १९६७ मध्ये सापडले आणि १९७३ मध्ये शास्त्रीय रीतीने जाहीर झाले. त्याच्यासोबत पेंटागोनाइट हे त्याचे भावंडही जाहीर झाले, ज्याचे घटक अगदी तेच, परंतु अणूंची मांडणी निराळी, आणि ज्याचे जुळे स्फटिक पाच बाजूंच्या ताऱ्यासारखे दिसतात. मूलस्थानाचा मान ओरेगॉनचा, यात वाद नाही. परंतु तेथील नमुने लहानसे. वाघोलीच्या खाणींतून जेव्हा ही निळी फुले निघाली तेव्हा या दुर्मिळ खनिजाचे खरे वैभव जगास प्रथम दिसले, आणि आज जगातल्या नामांकित संग्रहालयांच्या कपाटांत कॅव्हन्साइट म्हणून जे मांडलेले असते ते बहुतेक वाघोलीचेच असते.

मी त्या मुकादमाला विचारले, “मामा, हा दगड नेमका कोणत्या खाणीतला, कोणत्या कड्याचा? चिठ्ठीवर लिहून ठेवतो.” ते किंचित हसले आणि म्हणाले, “मास्तर, लिहून काय करायचं? इथनं गाडीत चढली की गारेचं गाव सुटलं बघा.” त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आयुष्यभर जे पाहिले ते त्यांनी सांगितले. त्यानंतर काही महिन्यांनी एका सधन परिचितांच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत तसेच निळे फूल मी पाहिले. खाली सुरेख पितळी पट्टी होती, आणि तिच्यावर खनिजाचे नाव शुद्ध छापून पुढे ‘इंडिया’ एवढेच लिहिले होते. खाण नाही, गाव नाही, साल नाही. घेणाऱ्याने विचारले नव्हते आणि विकणाऱ्याने सांगितले नव्हते. त्या क्षणी मुकादमांचे शब्द माझ्या कानात पुन्हा उमटले.

या निष्काळजीपणाला उत्तर आपल्याच भूमीत आहे. राहुरीजवळ मोमीन आखाडा नावाचे एक लहानसे गाव आहे. या शतकाच्या आरंभी तेथे पुदिन्याच्या पानासारख्या कोवळ्या हिरव्या रंगाचे, चेंडूसारखे गोल झालेले अपोफिलाइटचे घोस निघाले. ते नमुने गावाच्या नावासह जगभर गेले. आणि आज युरोप-अमेरिकेतील संग्राहकांना, ज्यांनी महाराष्ट्राचा नकाशाही कधी उघडला नसेल, मोमीन आखाडा हे नाव तोंडपाठ आहे. त्या गावाच्या नावाने कोणतेही खनिज नाही व त्याची गरजही पडली नाही. चिठ्ठीवर गाव लिहिले गेले, एवढ्यानेच ते गाव शास्त्रात अमर झाले.

तेव्हा करावयाचे काय, तेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. आपल्याकडे दगड हे गौण खनिज आहे. त्याचा परवाना सरकारी कचेरीतून निघतो, त्यावरचे स्वामित्वधन ब्रासच्या हिशेबाने भरले जाते, आणि शंभर घनफुटांचा प्रत्येक ब्रास कोठून निघाला व कोठे गेला याचा कागद तयार होतो. म्हणजे खडीची नोंद आहे, आणि त्याच खडीतून निघालेल्या, जगाने जपून ठेवाव्या अशा वस्तूची नोंद नाही. यासाठी नवा कायदा करा, जप्तीचे अधिकार द्या, असे मी म्हणत नाही. तसे केल्यास भीतीपोटी नमुने फोडून खडीतच टाकले जातील आणि खाणकामगाराच्या पदरी त्याच्या मेहनतीचे जे चार पैसे पडतात तेही जातील. मागणी एवढीच की, नमुन्याबरोबर एक चिठ्ठी असावी आणि तिच्यावर चार गोष्टी असाव्यात : गाव, तालुका, जमिनीचा गट क्रमांक आणि महिना-साल. गट क्रमांक सातबाऱ्यावर असतोच. तो लिहावयास भूशास्त्राची पदवी लागत नाही. ज्या राज्यात वीतभर बांधासाठी गट क्रमांक घेऊन माणसे पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या चढतात, त्या राज्यात एका स्फटिकाच्या वाट्याला तेवढा आकडा यावा, ही काही अवाजवी अपेक्षा नव्हे.

दुसरे काम आपल्या विद्यासंस्थांचे आहे. सिन्नरला ‘गारगोटी’ हे अस्सल मराठी नाव धारण करणारे खनिजसंग्रहालय उभे आहे आणि ते पाहून येणारा प्रत्येक मनुष्य आपल्या पायाखालच्या दगडाकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागतो. परंतु एका संग्रहालयावर सर्व भार टाकणे योग्य नव्हे. पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक, जळगाव येथील महाविद्यालयांच्या भूशास्त्र विभागांनी आपापल्या तालुक्यांतील खाणी व विहिरी यांतला एकेक प्रातिनिधिक नमुना, नोंदीसह, जतन करण्याचे मनावर घेतले तर दहा वर्षांत सबंध दख्खनचा असा संग्रह सिद्ध होईल की, जगातील अभ्यासकाला त्यासाठी येथे यावे लागेल. आणि त्या विद्यार्थ्यांनी खाणीवरच्या माणसांचे शब्दही त्याच वहीत टिपून घ्यावेत, कारण लोणारच्या पापडी-भुस्कीप्रमाणे हे शब्दही एका पिढीच्या मौनाने नाहीसे होतात.

याला एक आक्षेप येईल, आणि तो विचारात घेतला पाहिजे. व्यापारी म्हणतील की, नेमकी जागा सांगितली तर दुसरा तेथे जाईल आणि आमचा धंदा बुडेल. व्यवहारात हे खरे आहे. त्यावर उपाय असा की, चिठ्ठी तेव्हाच लिहावी, परंतु हवी तर काही वर्षे बंद लखोट्यात भूशास्त्र विभागाकडे ठेवावी. वेळेवर लिहिलेली नोंद उशिरा उघडली तरी चालते, मात्र न लिहिलेली नोंद पुढे कोणालाच लिहिता येत नाही. कारण खाण स्वतः टिकत नाही. मालाड-कांदिवलीच्या ज्या खाणींनी एके काळी अप्रतिम प्रेहनाइट दिले त्यांना उपनगरांनी वेढले. वाघोलीच्या कड्यांपाशी इमारती येऊन भिडल्या आहेत. कित्येक जुन्या खाणी पाण्याने किंवा राडारोड्याने भरून गेल्या. भोर घाटातून लोहमार्ग नेताना, १८६३ पूर्वी, जे कडे फोडले गेले ते कडे आता कोणास पुन्हा फोडून पाहता येणार नाहीत. खाण बुजल्यावर तिचा पुरावा म्हणून त्या नमुन्याखालची चिठ्ठी तेवढी शिल्लक राहते.

उद्या कदाचित सह्याद्रीच्या एखाद्या पोकळीतून खरोखरच नवे खनिज निघेल, आयोग त्यास मान्यता देईल, आणि त्याला एखाद्या मराठी गावाचे किंवा मराठी संशोधकाचे नाव मिळेल. तसे झाले तर माझ्याइतका आनंद कोणास होणार नाही. परंतु त्या दिवशी आयोग पहिला प्रश्न विचारील तो हा की, नमुना कोठला? त्याचे उत्तर सुरुंग उडाला त्याच दिवशी तेथे उभ्या असलेल्या माणसाने लिहून ठेवलेले असले पाहिजे.

त्या दुपारी मुकादमांनी दिलेल्या माहितीवरून मी वहीचे पान फाडून चिठ्ठी केली. गाव वाघोली, तालुका हवेली, मग गट क्रमांक, मग महिना आणि साल. त्यांनी अक्षरांकडे पाहून मान हलविली आणि दगडाच्या फडक्याला गाठ मारण्यापूर्वी ती चिठ्ठी स्वतःच्या हाताने आत सरकविली.